वरून कोरडी नदी

मित्रांनो, मी एक नदी आहे. हसून घ्या. माझ्या अंगावर उभे राहून लोक एकमेकांना विचारतात, "इथे नदी कुठे आहे?" आणि कोणी उत्तर दिलं नाही की गाडीतून चटई काढून ती माझ्यावरच अंथरतात.

माझं नाव वादी सिद्रा. अरबीत वादी म्हणजे डोंगरातून उतरणारी नदी आणि सिद्र म्हणजे तुमची बोर. माझ्या काठाने बोरीची सतरा झाडं होती, आता चार आहेत. नाव बदलायचं अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही. संयुक्त अरब अमिरातीच्या पूर्वेला हजर नावाचे डोंगर आहेत, दुबईपासून गाडीने दीड तासावर. हजर म्हणजे दगड. नाव ठेवणाऱ्याने फार कष्ट घेतलेले दिसत नाहीत. त्या दगडांत दोन घळी एकत्र येतात तिथे मी जन्मले. तिथून बावीस किलोमीटर मी वळणं घेत उतरते, सपाटीवर येते आणि वाळूत जिरून जाते. तुमच्या पुस्तकात नदी शेवटी सागराला मिळते. मी वाळूला मिळते, आणि वाळू त्याची पोचही देत नाही.

वर्षातले चार-पाच दिवस मी वरून वाहते. उरलेले तीनशे साठ दिवस खालून वाहते, गोट्यांच्या आणि वाळूच्या थराखालून, हळूहळू, कोणाला न दिसता. हे वाक्य कृपया पुन्हा वाचा. पुढची सगळी घाण या एका गोष्टीकडे कोणी लक्ष न दिल्यामुळे झाली आहे.

माझे चांगले दिवसही होते. फार जुन्या काळी इथे राहिलेल्या माणसांनी माझ्या पोटातलं पाणी ओळखलं आणि ते दगडी पाटाने बाहेर काढलं. त्या पाटाला ते फलज म्हणत. पाणी गावात शिरलं की पहिली जागा पिण्याची, मग मशिदीची, मग अंघोळीची, आणि सगळ्यात शेवटी खजुराच्या बागेची. कोणाच्या बागेला किती वेळ, ते काठीच्या सावलीवर मोजत. सावली दोन बोटं पुढे सरकली म्हणून डोकी फुटलेली मी पाहिली आहेत. तेव्हा फार सज्जन माणसं होती असं समजू नका. पण माझ्याबद्दल बोलताना आवाज खाली यायचा.

मग डांबरी रस्ता आला आणि रस्त्यावरून सहल आली.

नव्वद सालानंतर दर शुक्रवारी गाड्या येऊ लागल्या. शुक्रवार म्हणजे इथला सुट्टीचा दिवस. मांस भाजायचे निखारे, कलिंगडाच्या साली, थर्मोकोलच्या ताटल्या, बाळांचे लंगोट. एकदा तर एक सोफा आला, तीन माणसं बसतील एवढा. तो दुबईहून दीड तास ट्रकवर बांधून आणला होता. एवढे कष्ट माणूस देवाला जातानाही घेत नाही. माणसाला घरात काय काय नको असतं याची यादी हवी असेल तर माझ्याकडे यावं, माझ्याकडे मूळ प्रती आहेत.

शहाण्णव साली खडी फोडण्याचा कारखाना आला. माझ्याच काठचे दगड फोडून दुबईला न्यायचे, त्यांच्या इमारती उठवायच्या, आणि त्या इमारतींत राहणाऱ्यांनी शुक्रवारी माझ्याकडे येऊन म्हणायचं, काय शांत आहे ना इथे! कारखान्याबरोबर कामगारांची वस्ती आली. पत्र्याच्या खोल्या, एक भटारखाना, बारा संडास आणि एकशेवीस माणसं. या सगळ्याला मिळून कॅम्प म्हणत.

त्या माणसांत केरू होता.

केरू माणदेशातला, पंचेचाळिशीचा, बारीक अंगाचा. त्याच्या गावची नदीही माझ्यासारखीच, वर्षातले दहा महिने कोरडी. कॅम्पच्या टाकीतलं पाणी मचूळ होतं आणि दुपारी चहाइतकं गरम व्हायचं. आल्यानंतर चौथ्या दिवशी केरू कॅम्पच्या मागे माझ्या पात्रात उतरला, उकिडवा बसला, वाळूवर तळहात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहिला. मग हातानेच उकरू लागला. कमरेइतकं खोल गेल्यावर ओल लागली, आणखी हातभर गेल्यावर पाणी. गावाकडे याला झिरा म्हणतात. पहिलं गढूळ पाणी त्याने उपसून टाकलं, दुसरंही टाकलं. तिसऱ्या वेळी जे निवळशंख पाणी आलं ते ओंजळीने प्यायला आणि मला म्हणाला, "ग्वाड हाईस की गं बया!"

मित्रांनो, कित्येक वर्षांत माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. त्या दिवसापासून तो रोज सकाळी यायचा आणि बोलायचा. माझं मराठी त्याच्याकडून आलेलं आहे. पुढे कॅम्पच्या साहेबांकडून ते थोडं धुऊन घेतलं.

झिऱ्याचे नियम केरूने घालून दिले. कडेला दगड लावले, वर झाकण घातलं, बुडवायचं भांडं एकच ठेवलं. मराठी बोलणारी पंधरा-सोळा माणसं पाण्याला येऊ लागली, त्यांच्यावर त्याची नजर असायची.

"आरं ए, चपला काढ!" तो ओरडायचा.

"मामा, वाळू तापलीय," विघ्नेश म्हणायचा. विघ्नेश कोकणातला वेल्डर, तोंडाने सगळ्यांत तिखट.

"तापू दे. नदी हाय ती. बापाच्या मोरीत शिरल्यागत शिरू नको."

"नदी? मामा, आमच्याकडे या, नदी म्हणजे काय ते दाखवतो."

"तुमची धावती, ही चालती. चपला काढ."

आणि विघ्नेश एका पायावर नाचत चपला काढायचा. मला किती बरं वाटायचं, ते सांगून तुम्हाला पटणार नाही.

सहा महिन्यांनी केरूने आपल्या बहिणीच्या नवऱ्याला, महादूला, बोलावून घेतलं. केरूची बहीण सगुणा नवऱ्याला पाठवायला तयार नव्हती. केरूने फोनवर तिला सांगितलं होतं, "दाजींच्या केसालाबी धक्का लागणार न्हाय, म्या हाय." महादू मऊ माणूस होता. कोणी ऊठ म्हटलं की उठायचा, बस म्हटलं की बसायचा. केरू त्याला रोज झिऱ्याचं पाणी स्वतः भरून द्यायचा. "दाजी, टाकीचं पिऊ नका. हे घ्या."

इथवर माझी गोष्ट तुमच्या वहीत लिहायला हरकत नाही. आता पुढची.

केरूचं काम काय होतं ते मी अजून सांगितलं नाही. केरू मैल्याच्या टँकरवर हेल्पर होता.

कॅम्पच्या संडासांखाली टाकी होती. ती दर चार दिवसांनी भरायची. टँकरने ती उपसायची आणि साठ किलोमीटरवर मैला ओतायची सरकारी जागा होती तिथे नेऊन रिकामी करायची, असं कागदावर होतं. तिथे टँकरची रांग लागायची, चार-चार तास उन्हात. टँकर चालवणारा मुरलीधर गल्फमध्ये अठरा वर्षं काढलेला जुना माणूस. रांगेत त्याचा जीव आंबायचा. त्याने एक सोय शोधून ठेवली होती. कॅम्पच्या पुढच्या दाराने निघायचं, मुख्य रस्त्याला लागायचं, डोंगराला वळसा घालून मागच्या कच्च्या वाटेने आत शिरायचं. पंधरा मिनिटांत एक निर्जन वळण येतं. गोटे, एक बोरीचं झाड, माणूस नाही. तिथे टँकर उलटा लावायचा.

"यल्ला मामा, चल, खोल," मुरलीधर म्हणाला. केरूची ती पहिली फेरी होती.

"हितं?" केरूने इकडेतिकडे पाहिलं. "हितं वतायचं?"

"मग काय तुझ्या घरी नेऊन ओतू? अरे, दगडच आहेत. दोन दिवसांत सुकून खलास. इथे नदी-बिदी काही नसते. पाऊस पडला तर पेपरात फोटो छापतात."

केरूने गमबूट घातले, मागचा व्हॉल्व्ह फिरवला आणि बोरीच्या सावलीत जाऊन उभा राहिला.

ते वळण म्हणजे मीच, मित्रांनो. कॅम्पच्या मागे एक काळ्या खडकाची सोंड माझ्या पात्रात उतरलेली आहे. त्या सोंडेच्या अलीकडे झिरा, पलीकडे, वरच्या अंगाला, वळण. मधलं अंतर चालत तीनशे पावलं. पण चालत कोणी गेलंच नाही. केरू झिऱ्यावर मागच्या दाराने पायी यायचा आणि वळणावर पुढच्या दाराने टँकरमधून. एकीकडे अनवाणी, एकीकडे गमबुटात. त्याच्या हिशेबी त्या दोन वेगळ्या जागा होत्या. एकीला तो बया म्हणायचा, दुसरीला काहीच म्हणायचा नाही.

मला वाचा असती तर मी किंचाळले असते. पण नदीला किंचाळायला पूर यावा लागतो, आणि त्या वर्षी ढग दुसरीकडे गेले होते. माझ्या वाट्याला आलेलं मी खालून पुढे नेलं, कारण मला दुसरं काही येत नाही. वाळूने जमेल तेवढं गाळलं. रंग गाळला, वास गाळला, चवसुद्धा गाळली. डोळ्याला न दिसणारं जे होतं ते तिला गाळता आलं नाही.

आता कॅम्पचे साहेब, सुदेश पाटणकर. राहायला दुबईत करामाला, आठवड्यातून तीन दिवस कॅम्पवर. एकदा त्यांनी केरूच्या भांड्यातलं पाणी चाखलं.

"अरे केरू, हे टॉप क्लास आहे! प्युअर मिनरल वॉटर. बाटलीतलं दीड दिरहमला लिटर घेतो आम्ही, म्हणजे पंधरा रुपये. आणि तुम्ही लेको फुकट पिता?"

"नदीचं हाय साहेब. वाळूतनं गाळून येतं. त्याला दोष न्हाय."

तेव्हापासून दर गुरुवारी साहेबांच्या गाडीत दोन मोठे कॅन जाऊ लागले. त्या कॅनमधून मीच जात होते, म्हणून पुढचं मला माहीत आहे. मी समुद्र पाहिला नाही, पण करामा पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट, मुलगी समिधा, बायको प्रज्ञा. प्रज्ञावहिनींनी माझा चहा केला, माझा वरणभात केला, आणि येईल त्याला सांगितलं, "डोंगरातलं आहे हो. आमच्याकडे फिल्टरची भानगडच नाही."

सत्त्याण्णवच्या सप्टेंबरात त्यांच्याकडे दीड दिवसाचा गणपती बसला. माझाच अभिषेक झाला. करामातली निम्मी मराठी मंडळी दर्शनाला आली आणि वहिनींनी प्रत्येकाच्या उजव्या तळहातावर पळीने तीर्थ दिलं. लोक ते डोळे मिटून प्यायले आणि त्यांनी ओला हात केसांवरून फिरवला. मी तांब्यात होते. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हाला कुठे बघावं कळलं नसतं.

महिन्याभराने करामात तीन घरांत कावीळ झाली. सगळ्यांनी एकमताने ठरवलं की बाहेरचं खाल्ल्यानं झाली.

कॅम्पवर महादू पिवळा पडला.

आधी त्याचं जेवण सुटलं, मग डोळे हळदीसारखे झाले. केरू त्याला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, विश्रांती द्या, तेलकट बंद, आणि स्वच्छ पाणी भरपूर पाजा. केरूने एवढंच लक्षात ठेवलं. तो दिवसातून पाच वेळा झिऱ्यावर येऊ लागला. पूर्वी दोनदा उपसायचा, आता चारदा उपसून भरायचा, भांडं राखेने घासायचा.

"दाजी, उठा. वाईच घोटभर घ्या."

"नगं वाटतंय पाव्हणं. पोटात ढवळतंय."

"पाण्यानं काय ढवळतंय व्हय? औषद हाय हे. घ्या, सगुणासाठनं घ्या."

महादू नको म्हणायला शिकलाच नव्हता. तो प्यायचा. आणि दर चौथ्या दिवशी केरू टँकरवर बसून डोंगराला वळसा घालून यायचा. तीन आठवडे झाले तरी महादू उतरणीलाच. एक दिवस तो असंबद्ध बडबडू लागला, तेव्हा केरू माझ्या काठाला येऊन बसला आणि म्हणाला, "बये, सगुणाला मी काय सांगू? तू तेवढी कमी पडू नगंस."

मी कमी पडत नव्हते, मित्रांनो. तेच तर दुखणं होतं.

नोव्हेंबरात कॅम्पची तपासणी करायला सरकारी साहेब यायचे ठरले. आदल्या आठवड्यात पाटणकरांनी वीस कॅन फिनेल मागवलं आणि बाराही संडासांत ओतायला लावलं. कॅम्पला देवळाइतका नाही, पण दवाखान्याइतका वास सुटला. तपासणी झाली. साहेबांनी उत्तम असा शेरा दिला. टाकी भरली, मुरलीधरने टँकर काढला, केरूने व्हॉल्व्ह फिरवला.

फिनेल गाळायला वाळूला कोणी शिकवलेलं नव्हतं.

आठ दिवसांनी करामाच्या जेवणाच्या टेबलावर समिधाने पेला नाकाशी धरला आणि खाली ठेवला. "आय ॲम नॉट ड्रिंकिंग दॅट. इट स्मेल्स लाइक द स्कूल टॉयलेट."

"मिनरल्सचा वास असतो तो," प्रज्ञावहिनी म्हणाल्या.

"मम्मा, इट्स फिनाइल."

"गप जेव. डोंगरातल्या पाण्याला येतो थोडा. सुदेश, तू सांग तिला."

पाटणकरांनी एक घोट घेतला, तोंडात घोळवला, पत्नीकडे पाहिलं आणि गिळला. संसारात अशा वेळा येतात.

पण दुसऱ्या दिवशी ते तडक झिऱ्यावर आले. "काय रे केरू, भांडं फिनेलने धुतोस की काय?"

"न्हाय साहेब. राखंनं."

"मग वास कसला येतोय पाण्याला?"

सगळ्या कॅम्पलाच तो वास होता, म्हणून पाण्याचा वेगळा इथे कोणाला कळला नव्हता. केरूने ओंजळ भरली, नाकाजवळ नेली. हा वास त्याच्या हातांना माहीत होता. कालपर्यंत त्याच्या गमबुटांना तोच येत होता. साहेब गेल्यावर त्याने ओंजळ वाळूवर सोडली आणि झिऱ्यावर झाकण घातलं.

पुढचा दिवस शुक्रवार. कॅम्पची माणसं कपडे धूत होती. केरू झिऱ्यापासून वरच्या अंगाला, माझ्या पात्रातून चालू लागला. अनवाणीच, कारण माझ्यात तो कधी वहाणा घालून आला नव्हता. काळ्या खडकाच्या सोंडेला हात लावून तो वळला आणि थांबला. समोर बोरीचं झाड होतं. माझ्या चार बोरींत सगळ्यात हिरवीगार तीच, तिला खुराकच तसा होता. झाडाखाली टँकरच्या चाकोऱ्या. चाकोऱ्यांच्या शेवटी काळी, वाळलेली, भेगा पडलेली साय, आणि सायीच्या कडेने गमबुटांचे ठसे. ते ठसे कोणाचे हे त्याला दुसऱ्याने सांगायची गरज नव्हती.

त्याने मागे वळून झिऱ्याच्या दिशेला पाहिलं. मग माझ्याकडे.

"म्हंजे तू तीच हाईस," तो म्हणाला.

भूगोलाचा एवढा एकच धडा मला शिकवायचा होता. तो शिकायला एक माणूस पिवळा पडावा लागला.

केरू तसाच भटारखान्यात गेला. दुपारचं जेवण चाललं होतं. तो मधोमध उभा राहून म्हणाला, "झिऱ्याचं पाणी कुणी पिऊ नका. टँकर आमी वरच्या अंगाला वततो. म्या सोता वततो. त्येच खाली येतंय. त्येच तुमी पिताय, दाजीबी त्येच प्यालं."

एकाने समोरचा पेला हळूच लांब सरकवला. कोपऱ्यातला एकजण उठून बाहेर पळाला आणि त्याच्या ओकाऱ्या आत ऐकू आल्या.

मग विघ्नेश म्हणाला, अगदी हळू आवाजात, "चपला काढायला लावत होतास रे आम्हाला."

केरूने मान खाली घातली.

महादूला त्याने स्वतःच सांगितलं, खाटेशेजारी बसून. महादूने भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाला, "सगुणाला कळवू नका." त्या दिवसापासून बाटलीचं पाणी आणलं, त्याला मोठ्या दवाखान्यात हलवलं, सलाईन लागलं. पंधरा दिवसांनी त्याचे डोळे पुन्हा पांढरे झाले. माणूस वाचला. तुम्ही आता सुटकेचा श्वास टाकाल. थोडा शिल्लक ठेवा.

इकडे टाकी पुन्हा भरली. मुरलीधरने टँकर वळणावर आणून उलटा लावला. "खोल."

"न्हाय. सरकारी जाग्यावर ने."

"चार तास रांगेत तू बसणार? सरक, मी खोलतो."

मुरलीधर खाली उतरला. तेवढ्यात केरू गेला आणि व्हॉल्व्हच्या तोंडाखाली, त्या काळ्या सायीवर मांडी घालून बसला. "आता वत."

"मामा, नाटक नको. ऊठ."

"वत की. येवढे दिस दाजींच्या तोंडात वतलं, आज माज्या डोस्क्यावर वत."

"पागल झालास? साहेबाला सांगेन."

"सांग. पर आदी वत."

मुरलीधरचा हात व्हॉल्व्हवर होता. त्याने फिरवून पाहिला असता तरी चाललं असतं, बघणारं कोणी नव्हतं, मी सोडून. पण शिव्यांची एक पूर्ण फेरी संपवून तो गाडीत जाऊन बसला आणि साठ किलोमीटर गेला. माझ्या आयुष्यात माझ्यासाठी कोणी काही केलं असेल तर ते एवढंच.

दुसऱ्या दिवशी पाटणकरांनी केरूला ऑफिसात बोलावलं. भेटायला नाही, कळवायला. केरूने जाऊन ऐकलं, आणि मग मला येऊन जसंच्या तसं सांगितलं.

साहेब म्हणाले, "केरू, तू चांगला माणूस आहेस. म्हणूनच सांगतो, हे बाहेर गेलं तर कंपनी बंद. एकशेवीस माणसं घरी. मुरलीधर जेलमध्ये, आणि त्याच्याबरोबर तू. व्हॉल्व्ह कोण फिरवत होतं?"

"म्या."

"मग? तुझा व्हिसा कॅन्सल करतोय. शांतपणे गावी जा. पाण्याची व्यवस्था मी करतो, इन्शाल्ला." मग त्यांनी विचारलं, "आमच्याकडे गणपतीला जे कॅन दिलेस, तेसुद्धा झिऱ्याचेच होते का रे?"

"व्हय साहेब."

पाटणकर उठून बेसिनकडे गेले आणि चूळ भरत राहिले. तीन महिन्यांपूर्वीचं तीर्थ चुळीने निघत नाही, पण माणूस प्रयत्न करतो.

जायच्या सकाळी केरूने झिरा दगडांनी बुजवला. दवाखान्यातून परत आलेला महादू काठावर उभा होता. त्याच्यात अजून ताकद नव्हती.

"दाजी, काय बी काम करा," केरू म्हणाला, "पर त्या टँकरवर जाऊ नका."

"न्हाय जायचो, पाव्हणं."

केरू पात्रातून बाहेर आला, काठावर पायात चपला घातल्या आणि गाडीत बसला. माझ्याशी त्या दिवशी तो बोलला नाही. शरम वाटत असावी. मला त्याची शरम वाटली नाही. पण हे त्याला सांगायला माझ्याकडे त्याच्याच तोंडची भाषा होती, आणि ती गाडीत बसून निघून गेली होती.

पाटणकरांनी शब्द पाळला. महिन्याभरात कॅम्पला मोठाल्या निळ्या बाटल्यांतून पाणी येऊ लागलं, गार करायच्या यंत्रासकट. झिऱ्याच्या जागी फलक लागला, अरबी, इंग्रजी, हिंदी आणि उर्दूत: येथील पाणी पिण्यास अयोग्य. फलक चांगला जाड पत्र्याचा होता, रंग अजून टिकून आहे. वळणावर फलक लावायचं कोणाला सुचलं नाही. तिथे पाणी नव्हतंच ना.

आणि टँकरला हेल्पर हवा होता. खडीवर दगड उचलायचं काम महादूला आता झेपणार नव्हतं. हलकं काम म्हणून साहेबांनी त्याला टँकर दिला. कोणी ऊठ म्हटलं की उठणारा माणूस तो. पहिल्या दिवशी वळणावर त्याने व्हॉल्व्हला हात घातला आणि थांबला.

"मुरलीभाऊ, खालचं पाणी आता कुणी पीत न्हाय ना?"

"कोण पिणार? बोर्ड लावलाय. सगळ्यांना बाटली मिळते."

महादूने थोडा विचार केला. "मग ठीक हाय," तो म्हणाला, आणि व्हॉल्व्ह फिरवला.

मित्रांनो, त्याला पाच वर्षं झाली. आज सन २००२ चालू आहे. अजून दर चार दिवसांनी टँकर येतो. कॅम्प आता दोनशे माणसांचा झाला आहे, म्हणून कधी कधी तिसऱ्याच दिवशी येतो. कोणी आजारी पडत नाही. प्रश्न सुटला असं सगळे मानतात. खालच्या अंगाला सहा किलोमीटरवर एक खजुराची बाग आहे आणि तिला विहीर आहे. वाटेत सपाटी लागते आणि मी फार मंदावते, म्हणून ही घाण घेऊन मी तिथे अजून पोचायची आहे. पण माझी चाल तुम्हाला माहीत आहे. मी थांबत नाही.

माझी काळजी घ्या असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझ्यावर निबंध लिहू नका, माझ्या काठी झाडं लावून फोटो काढू नका, मला आई म्हणू नका. मागणं एकच आहे. माझं पाणी पिणं सोडू नका. माणूस जे तोंडात घालतो तेवढ्याचीच काळजी घेतो, बाकी सगळ्याला तो निर्जन जागा म्हणतो. ज्या दिवशी मुरलीधरला संध्याकाळचा चहा माझ्याच पाण्याचा करून प्यावा लागेल, त्या दिवशी त्याला कोणी काही शिकवावं लागणार नाही. तो साठ किलोमीटर गाडी हाकत जाईल आणि उन्हात चार तास रांगेत उभा राहील, तोंडातून एक शब्द न काढता.